पुण्याच्या वेशीवर गुंठा-दोन गुंठे घेताय? मग आधी एवढं बघा

दर दोन महिन्यांनी कुणीतरी फोन करतंच. दादा, प्लॉट बघितलाय, वाघोलीच्या पुढं, रस्त्याला लागून आहे, रिंगरोड जवळूनच जातोय, रेट अजून कमी आहे, रविवारी टोकन द्यायचंय. मी विचारतो गट नंबर काय? तो माहीत नसतो. एनए, म्हणजे शेतीशिवाय दुसऱ्या वापराला अकृषिक झालेली, आहे का? होणारे. सातबारा वेगळा निघणार का? एजंट म्हणाला सगळ्यांचा मिळून निघतो, काही प्रॉब्लेम नाही. बास, तिथंच मला माझं २०१६ आठवतं.

मी तेव्हा अकरा जणांत मिळून घेतलेला, एकाच सातबाऱ्यावर अकरा नावं. गावाकडं सातारा जिल्ह्यात वडलांच्या नावावर शेती होती म्हणून शेतकरी दाखला जमला, खरेदीखत झालं, पेढे वाटले. आज त्या जागेवर काँग्रेस गवत आहे आणि अकरांपैकी तिघांचे नंबर लागत नाहीत. फसवलं कुणी असं पण म्हणता येत नाही, कारण कागदावर सगळं लिहिलेलंच होतं, वाचलं मी नव्हतं. म्हणून हे लिहितोय, एकदाच सगळं, म्हणजे पुढच्या वेळी फोन आला की लिंक पाठवता येईल.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. वेशीवर जागा विकणारा तुम्हाला जमीन विकतच नसतो, तो येणारं शहर विकतो. मेट्रो येणार, रिंगरोड येणार, पुरंदरला विमानतळ होणार, गाव महापालिकेत जाणार. यातलं बरचसं येतंही, पण तुमच्या प्लॉटपर्यंत कधी आणि कुठल्या बाजूनं येईल ते एजंटच्या हातात नाही. रिंगरोड तर तुमच्या प्लॉटवरनंच जाऊ शकतो. त्यामुळं तपासताना असं धरून चला की शहर येणारच नाहीये, ही जागा पुढची वीस वर्षं शेतीच राहणार. तसं धरूनही घ्यावीशी वाटली तरच पुढं जा.

साईट बघायला जाऊ नका (आधी)

सगळे उलटं करतात. एजंटच्या गाडीत बसून जायचं, पांढऱ्या चुन्याच्या रेषा बघायच्या, कमान बघायची, दोन नारळाची झाडं बघायची, आणि मन बसलं की मग कागद मागायचे. मन बसल्यावर माणूस कागद वाचत नाही, कागदात आपल्याला पाहिजे ते शोधतो.

आधी फोनवर गट नंबर, गाव आणि तालुका मागा. देत नसेल तर नमस्कार करून फोन ठेवा. दिला तर महाभूमीच्या साईटवरून १५ रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा निघतो, तो काढा. सोबत आठ-अ, म्हणजे मालकाच्या त्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा, काढा आणि महाभूनकाशावर गटाचा नकाशा बघा. चहाच्या दोन कपात होणारं काम आहे हे आणि निम्मे प्लॉट इथंच गळतात.

सातबाऱ्यात क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असतं. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे ढोबळमानाने एक गुंठा. खरा गुंठा १०८९ चौरस फुटांचा, ३३ बाय ३३, आणि ४० गुंठ्यांचा एकर. हे पाठ ठेवा कारण प्लॉटिंगवाला गुंठा हजार फुटाचा सांगतो आणि त्यातूनच रस्ता पण कापतो, म्हणजे पैसे गुंठ्याचे आणि कुंपणात येणार कमी. विचारायचं सरळ, की नेट किती, रस्ता धरून का सोडून.

मग भोगवटादार वर्ग, म्हणजे मालकाकडं जमीन कुठल्या अटीवर आहे ते. वर्ग १ असेल तर ठीक, मालक विकू शकतो. वर्ग २ असेल तर सरकारची अट आहे, परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि एजंट म्हणेल नजराणा, म्हणजे सरकारला द्यायची रक्कम, भरला की होतंय, तर त्याला म्हणा आधी भरा, आदेश आणा, मग बोलू. देवस्थान इनाम, म्हणजे देवळाला दिलेली जमीन, दिसलं तर तिथूनच मागं फिरा.

नावांच्या खाली आणि बाजूला बघा, "इतर हक्क" नावाचा रकाना असतो. लोक हा रकाना सोडून सगळं वाचतात. सोसायटीचा बोजा, बँकेचं कर्ज, कुळाचं नाव, कूळकायदा कलम ४३ चा (परवानगीशिवाय विकता येत नाही असा) शेरा, बहिणींची नावं, कोर्टाचा दावा, पुनर्वसनाचा शिक्का, भूसंपादन, सगळं तिथं बसलेलं असतं. बहिणींचं तर विशेष सांगतो. जमिनीचा भाव गुंठ्यावर जायच्या आधी ज्या बहिणीनं हक्क सोडला असं सगळे तोंडी म्हणतात, तिनं हक्कसोडपत्र रजिस्टर केलंय का ते बघा. तोंडी सोडलेला हक्क रेट वाढला की परत येतो, आणि त्यात तिची काही चूक नाही.

नंतर फेरफार. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात, जुने पण गोल करून दिलेले असतात. प्रत्येक फेरफार म्हणजे एक गोष्ट: कोण वारलं, कुणाला वाटणी आली, कुणी कुणाला विकलं. वकील लावा आणि मालकीच्या कागदांचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट करून घ्या, पण वकील तुमचा पाहिजे. एजंटनं ओळख करून दिलेला वकील म्हणजे मुलीकडच्यांनीच आणलेला भटजी, तो मुहूर्त काढणारच.

एनए म्हणजे काय, आणि काय काय एनए नसतं

हा सगळ्यात घोळाचा भाग आहे, जरा सावकाश वाचा.

वेशीवर "एनए" या शब्दाचे किमान पाच अर्थ आहेत. एनए प्लॉट, एनए बाँड, टेंटेटिव्ह एनए, आर झोन, आणि माझा लाडका "कलेक्टर एनए प्रोसेसमध्ये". यातला खरा प्लॉट ओळखायची खूण एकच: मंजूर रेखांकन आहे, म्हणजे लेआउटवर सक्षम प्राधिकरणाचा सही-शिक्का आहे, आदेश आहे, मोजणी होऊन कमी-जास्त पत्रक म्हणजे कजाप झालंय आणि तुमच्या प्लॉटचा स्वतंत्र सातबारा निघतोय. कजाप झालंय का असं नुसतं विचारा, समोरच्याचा आवाज बदलतो. बदलला नाही तर माणूस बरा.

आर झोन म्हणजे नकाशात तो भाग रहिवासी दाखवलाय एवढंच. आता इथं पुण्याची गंमत बघा. पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, २०१५ मध्ये आली, मग २०२१ मध्ये त्यांनी प्रारूप विकास आराखडा जाहीर केला, हजारोंनी हरकती आल्या, कोर्टकचेरी झाली आणि २०२५ मध्ये सरकारनं तो अख्खा आराखडाच रद्द केला. मधल्या चार वर्षांत कित्येक एजंटांनी त्या प्रारूप नकाशाचा पिवळा रंग दाखवून प्लॉट विकले. मी स्वतः असा कलर प्रिंट लॅमिनेट केलेला बघितलाय, त्यावर पेनानं बाण करून "आपली साईट". म्हणून "डीपी, म्हणजे विकास आराखड्यामध्ये आर झोन आहे" असं कुणी म्हटलं की पुढचा प्रश्न हाच, कुठला डीपी, मंजूर का प्रारूप, तारीख काय. आणि त्याच्या नकाशावर न जाता गट नंबर टाकून झोन दाखला स्वतः अर्ज करून घ्या, सोबत भाग नकाशा. फी फार नसते, दिवस जातात थोडे.

दुसरा शब्द ऐकाल तो गावठाणापासून २०० मीटर. महसूल संहितेत कलम ४२-ड आहे, गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत रहिवासी वापरासाठी वेगळी अकृषिक परवानगी लागत नाही, ठरलेली रक्कम भरावी लागते. हे खरंय. पण २०० मीटर मोजायचे कुठून? गावठाणाच्या हद्दीपासून, मारुतीच्या देवळापासून नाही आणि शेवटच्या घरापासून तर अजिबात नाही, कारण घरं कधीचीच गावठाण सोडून पुढं गेलीत. आणि एनएची परवानगी लागत नाही म्हणजे बांधकामाची लागत नाही असं नाही. ती वेगळी, ती नियोजन प्राधिकरणाकडूनच.

यावरून आठवलं, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा लोक मिरवतात, घरपट्टी पण भरतात. तो उतारा म्हणजे तुमच्याकडनं कर घेतला एवढंच. त्यानं मालकी ठरत नाही, बांधकाम पण अधिकृत होत नाही. सरपंच कितीही भला माणूस असू दे, गावठाणाबाहेर त्याच्या लेटरहेडला परवानगी म्हणत नाहीत.

प्लॉटिंग मोठं असेल, म्हणजे जमीन ५०० चौरस मीटरच्या वर आणि आठपेक्षा जास्त प्लॉट, तर महारेराची, म्हणजे अशा प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी लागते. प्लॉटना रेरा नसतो असं सांगतात ते खोटं आहे. नंबर घ्या, साईटवर टाकून बघा, पाच मिनिटं.

तुकडेबंदी आणि ती अकरा नावं

१९४७ चा कायदा आहे, शेतीचे इतके बारीक तुकडे होऊ नयेत की कसताच येऊ नये, म्हणून. हेतू चांगलाच होता. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे कमीत कमी चालणारा तुकडा, जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं केलं. त्याच्या खालचा शेतजमिनीचा तुकडा सुटा विकता येत नाही. मधे २०२१ ला नोंदणी विभागाचं परिपत्रक आलं की असे दस्त घेऊच नका, २०२२ ला हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं ते रद्द केलं, मग दस्त नोंदवता येतात का येत नाहीत यावर प्रत्येक चहाच्या टपरीवर एक वकील तयार झाला.

लोकांनी यावर काढलेली पळवाट म्हणजे सामाईक सातबारा. सगळ्यांनी मिळून मोठा तुकडा घ्यायचा, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं, आणि आपापसात चुन्याच्या रेषा. कागदावर तुमचा प्लॉट नंबर ७ वगैरे काही नसतो, त्या अख्ख्या जमिनीत तुमचा हिस्सा असतो फक्त. कोपऱ्यावरचा प्लॉट म्हणून जास्त पैसे दिलेत? कोपरा कुठंच लिहिलेला नाही. बँक सहसा कर्ज देत नाही, एकजण वारला की त्याचे चार वारस येतात, एकानं दुसऱ्याच्या रेषेत पत्रा टाकला की पोलीस म्हणतात दिवाणी मॅटर आहे. आमच्यातल्या एकानं त्याचा हिस्सा परस्पर विकला, नवीन माणूस आला तो म्हणतो मला रस्त्याकडचं दाखवून विकलंय. रस्त्याकडचं माझं होतं. निदान मला तसं सांगितलं होतं.

आता २०२५ मध्ये सरकारनं असे जुने तुकड्यांचे व्यवहार नियमित करायला कायद्यात बदल केला, आणि तेव्हापासून एजंट लोक नव्या जोमानं लागलेत, की आता सगळं लीगल झालं. नीट ऐका. तो बदल आधी होऊन गेलेल्या व्यवहारांसाठी, ठरलेल्या तारखेपर्यंतच्या, आणि मुख्यतः शहरी किंवा नियोजन क्षेत्रातल्या जमिनींसाठी आहे. तुमचं जुनं अडकलेलं असेल तर तलाठ्याकडं, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, चौकशी नक्की करा, मी पण केलीय. पण तुकडा नियमित झाला म्हणजे त्यावर बांधकाम परवानगी आली असं नाही आणि रस्ता तर नाहीच नाही. गुंठेवारीचं, म्हणजे परवानगीशिवाय पाडलेल्या गुंठ्या-गुंठ्याच्या प्लॉटचं, पण तसंच, २००१ चा कायदा, २०२१ मध्ये मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. नंतर नियमित होईल या भरवशावर आज घेणं म्हणजे पुढच्या माफीच्या आशेवर गुन्हा करण्यासारखं झालं.

आता साईटवर जा, पण एकटे

एजंटशिवाय जा. दोनदा जा, एकदा मे मध्ये आणि एकदा जुलैत, घाई असेल तर ज्या महिन्यात असाल त्याच्या उलट्या महिन्याची चौकशी गावात करा.

रस्ता बघायचा तो डांबर बघून नाही. विचारायचं हा रस्ता कुठल्या गटातून येतो. वेशीवरचे निम्मे रस्ते कुणाच्यातरी शेतातून, कुणाच्यातरी शब्दावर चाललेले असतात. म्हातारा आहे तोवर शब्द आहे, पोरगा आला की तार येते. नकाशावर गाडीवाट, शिवरस्ता किंवा पाणंद दाखवलीय का बघा. नसेल तर ज्या गटातून रस्ता येतो त्या मालकाचा रजिस्टर दस्त पाहिजे. अडवलेल्या रस्त्यासाठी तहसीलदाराकडं मामलेदार कोर्ट कायदा १९०६ खाली जाता येतं, जातात लोक, पण घर बांधायला निघालेल्या माणसानं आधी दाव्याच्या तारखा मोजायच्या का.

पाण्याला ग्रामपंचायतीत विचारू नका, टँकरवाल्याला विचारा. सकाळी सातला जवळच्या सोसायटीच्या गेटवर उभे रहा आणि टँकर मोजा. वॉचमन सगळं सांगतो, बोअर किती फुटाला, कधी आटतो, टँकर कितीला. गाव महापालिकेत गेलं की नळ येईल हे पण इतकं सोपं नाही. २०१७ मध्ये ११ गावं घेतली, २०२१ मध्ये वाघोली, मांजरी, सूस, म्हाळुंगे, किरकटवाडी वगैरे धरून २३ घेतली, पुणे क्षेत्रफळानं राज्यातली सगळ्यात मोठी महापालिका झाली. आणि जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची, म्हणजे नसांवर हल्ला करणाऱ्या गिया-बारे सिंड्रोमची, साथ आली ती कुठं? सिंहगड रोडच्या त्याच पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, जिथं गाव महापालिकेत येऊनही लोकांना शुद्धीकरण प्रकल्पातलं नाही तर विहिरीचं पाणी जात होतं. बोर्ड आधी बदलतो, पाइपलाइन नंतर. टॅक्स मात्र वेळेवर येतो, त्या टॅक्सवरून तर फुरसुंगी आणि उरुळी देवाचीवाले महापालिकेतून बाहेर पडले, २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली.

ओढा. हा मी स्वतः सगळ्यात वर ठेवीन. वेशीवर ओढे रात्रीत गायब होतात, चार हायवा डंपर मुरूम टाकला की सपाट प्लॉट तयार. गटाच्या नकाशावर ओढा तुटक-वळणाची रेष म्हणून दिसतो, जमिनीवर दिसत नसेल तर तुमच्या पायाखाली आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यानं काय केलं ते कात्रज ते सहकारनगर-अरण्येश्वर पट्ट्यातल्या लोकांना विचारा. पाण्याला सातबारा कळत नाही, त्याला उतार कळतो. नदीजवळ असाल तर जलसंपदा खात्याची निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते बघा, निळ्याच्या आत बांधकाम विसरा. डोंगराकडं असाल तर १:५ पेक्षा जास्त उतारावर बांधकाम चालत नाही, व्ह्यू कितीही भारी असला तरी.

आणि माणसं. शेजारच्या शेतात कुणी असेल तर बांधावर जाऊन बसा. कुणाची जमीन, कुणी विकली, भावाभावांत वाद आहे का. दहा मिनिटांत कळतं ते सर्च रिपोर्टमध्ये कधीकधी येत नाही. बोलताना मी शहरातनं आलोय आणि माझ्याकडं पैसे आहेत असा वास येऊ देऊ नका. जमीन विकून गुंठामंत्री झालेल्यांवर आपण जोक करतो, पण त्यातल्या कित्येकांची पाचच वर्षांत गाडी पण गेली आणि जमीन पण, आणि तो माणूस आता त्याच जागेवरच्या सोसायटीत सिक्युरिटीला असतो. सगळीकडं असं झालं नाही, मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी जमीन बाहेरच्या बिल्डरला न विकता स्वतःची कंपनी काढली आणि ४०० एकरांवर टाउनशिप उभी केली. पण ते एक झालं, बाकीची गावं एकेक गुंठा करून गेली.

पैसे देताना

टोकन चेकनेच किंवा ट्रान्सफरने, कॅश नाही. पाचशेच्या स्टँपवर नोटरी केलेली ताबेपावती, साठेखत, कुलमुखत्यारपत्र यातल्या कशानंही मालक होत नाही, रजिस्टर खरेदीखतच पाहिजे. आणि रजिस्टर झालं म्हणजे मालकी तपासली असं पण नसतं, सब-रजिस्ट्रार दस्त नोंदवतो, विकणाऱ्याची जमीन खरंच त्याची आहे का याची हमी देत नाही. पेपरात जाहीर नोटीस द्या, स्थानिक पेपरात, जो त्या गावात वाचला जातो. दोन आठवडे थांबा. रविवारी ऑफर संपतेय म्हणत असेल तर संपू दे, पुढच्या रविवारी दुसरी असते.

शेतजमीनच घेताय तर तुम्ही स्वतः शेतकरी असायला लागता, कूळकायदा कलम ६३. दुसऱ्याच्या नावावर घेऊन ठेवू, दाखला "करून" घेऊ, हे सल्ले फुकट मिळतात आणि महाग पडतात.

खरेदी झाली की काम संपत नाही, तिथं बरेच जण झोपतात. फेरफाराची नोंद धरली का बघा, नोटीस निघते, १५ दिवस हरकतीचे, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. "आपली चावडी" या सरकारी साईटवर ते दिसतं. नवीन सातबाऱ्यावर स्वतःच्या नावाचं स्पेलिंग आणि क्षेत्र तपासा, चुकलं तर दुरुस्तीला खरेदीपेक्षा जास्त चकरा होतात. भूमी अभिलेखला मोजणीचा अर्ज टाका, हद्दीच्या खुणा करून मोजणी नकाशाची "क" प्रत घ्या, आणि मोजणीच्या दिवशी स्वतः हजर रहा, सुट्टी टाकून. खुणा झाल्या की त्याच आठवड्यात कुंपण. मजूर गावातलेच लावा आणि आदल्या संध्याकाळी बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याला फोन करून सांगा, की काका उद्या खांब पुरतोय, येऊन बघून घ्या.